दरजा पाहत सात दिवस

पहिला दिवस

भिंत पारखायची असेल तर आधी तिच्या दरजा पाहाव्यात, असे माझे वडील म्हणत. त्यांचे सारे आयुष्य बांधकामांवर देखरेख करण्यात गेले. दोन विटांमधल्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या रेघेला दरज म्हणतात. गवंड्यांच्या तोंडी तिचे अनेकवचन ‘दर्जा’ असेच येते, त्यामुळे भिंतीच्या दर्जा आणि कामाचा दर्जा हे लहानपणी मला एकच वाटत असत. पुढे शब्दांचे मूळ कळले, तरी तो समज पूर्णपणे चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. एक वस्तू दुसरीला जिथे मिळते तिथेच करणाऱ्याची परीक्षा होते. वीट, दगड, लाकूड, काच आणि पोलाद या पाच वस्तू वेगवेगळ्या घरांत एकमेकींना कशा मिळतात हे पाहावे, एवढ्यासाठीच यंदाच्या ऑक्टोबरात मी आणि माझी धाकटी बहीण शिकागोला उतरलो. ती सुतारकाम करते, त्यामुळे लाकूड तिच्याकडे आणि वीट-दगड माझ्याकडे अशी वाटणी निघण्यापूर्वीच झाली होती.

सुरुवात प्रेअरी अव्हेन्यूवरच्या ग्लेस्नर हाउसपासून केली. शेतीची यंत्रे बनविणाऱ्या व्यवसायातील भागीदार जॉन ग्लेस्नर यांच्यासाठी हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी ते रेखाटले. घर १८८७ मध्ये पूर्ण झाले, पण रिचर्डसन यांचे निधन १८८६ च्या एप्रिलमध्येच झाले होते, त्यामुळे ते उभे राहिलेले त्यांना पाहता आले नाही. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर हे घर किल्ल्यासारखे वाटते. ग्रॅनाइटचे चिरे खडबडीत तोंडाचे ठेवले आहेत, उत्तरेकडच्या लांबलचक भिंतीत खिडक्या मोजक्या आणि लहान आहेत, आणि शेजारच्या धनिकांना हे रूप मुळीच रुचले नव्हते. मात्र आत शिरून दक्षिणेच्या चौकात आलो तेव्हा त्या कठोर भिंतीचा अर्थ उलगडला. उत्तरेकडून थंडी येते, म्हणून त्या बाजूला दगड आणि त्यामागे नोकरांच्या वर्दळीची लांब बोळ ठेवली आहे, तर राहत्या खोल्यांनी चौकाकडे तोंड केले आहे. तिथे ग्रॅनाइट संपून वीट सुरू होते, भिंती गोलाकार पुढे येतात आणि मोठ्या खिडक्यांमधून ऊन थेट खोलीत उतरते. शहराला दगड आणि घरच्यांना वीट ही योजना मला फार समजूतदार वाटली. १९६६ मध्ये हे घर पाडले जाण्याच्या बेतात असताना काही वास्तुप्रेमींनी एकत्र येऊन ते वाचविले.

दुपारी अ‍ॅस्टर स्ट्रीटवरचे चार्नली हाउस पाहिले. ते १८९१-९२ मध्ये अ‍ॅडलर आणि सलिव्हन यांच्या कार्यालयातून आले आणि त्याच्या आराखड्यात तेव्हा तिथे नोकरीस असलेल्या तरुण फ्रँक लॉइड राइट यांचा मोठा वाटा होता. मध्यभागी छतापर्यंत मोकळा ठेवलेला उभा अवकाश आणि जिन्यासमोर ओळीने उभ्या केलेल्या बारीक लाकडी दांड्यांचा पडदा एवढेच मनात राहिले. बहीण मात्र त्या पडद्याजवळून लवकर हलली नाही. दांड्यांमधले अंतर तिने हाताच्या बोटांनी हवेतल्या हवेत मोजले आणि ते कुठेही चुकलेले नाही, असा निर्वाळा दिला.

दुसरा दिवस

ओक पार्क हे शिकागोच्या पश्चिमेला लागून असलेले उपनगर आहे. राइट यांनी १८८९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आपल्या मालकांकडून, म्हणजे लुई सलिव्हन यांच्याकडून, कर्जाऊ रक्कम घेऊन इथे स्वतःचे घर बांधले आणि पुढची वीस वर्षे ते त्याला बदलत राहिले. बाहेरून लाकडी खापऱ्यांनी मढविलेले, उतरत्या छपराचे हे घर लहानसेच दिसते. आत मात्र प्रत्येक खोलीत एखादा विचार करून पाहिलेला आहे. जेवणाच्या खोलीत उंच पाठीच्या खुर्च्या टेबलाभोवती उभ्या आहेत आणि बसणाऱ्यांभोवती त्या खोलीतच दुसरी खोली तयार करतात. छतात कोरीव लाकडी जाळी बसविली आहे आणि तिच्यामागून विजेचा मंद उजेड झिरपतो. १८९५ मध्ये, वीज अजून नवलाईची होती त्या काळात, दिवा लपवून फक्त त्याचा उजेड दाखवावा हे ज्याला सुचले त्याच्या नजरेचे मोठेपण वेगळे सांगावे लागत नाही.

वरच्या मजल्यावरची मुलांची खेळायची खोली ही या घराचा प्राण आहे. तिथे जाणारी वाट मुद्दाम अरुंद, बुटकी आणि अंधारी ठेवली आहे. तीतून बाहेर पडताच डोक्यावर पिंपाच्या कमानीसारखे गोल छत एकदम उंच जाते आणि अंग नकळत ताठ होते. खिडक्यांची उंची मुलांच्या मापाची आहे, म्हणून मोठ्या माणसाला बाहेर पाहायचे तर खाली बसावे लागते. भव्य पियानोने खोलीची जागा अडवू नये म्हणून त्याचे धूड भिंतीत ढकलून मागच्या जिन्यावर लोखंडी पट्टीने टांगले आहे, आणि खोलीत दिसतात त्या केवळ त्याच्या पट्ट्या. आम्ही त्या जिन्याने खाली उतरताना वर पाहिले तेव्हा तो पियानो डोक्यावर लटकलेला दिसला.

१८९८ मध्ये घराला जोडून राइट यांनी कार्यशाळा बांधली. तिच्यातल्या आरेखनाच्या खोलीचा माळा साखळ्यांनी छताला टांगलेला आहे. वजन खाली खांबांवर न टाकता वर साखळ्यांकडे सोपविल्याने मधली जमीन पूर्ण मोकळी राहते. साखळीची प्रत्येक कडी उघडी आहे, त्यामुळे भार कुठून कुठे जातो हे अनोळखी माणसालाही वाचता येते. घर आणि कार्यशाळा यांच्यामधल्या वाटेत एक विलोचे झाड होते. ते न तोडता त्याच्याभोवतीच भिंत आणि छप्पर रचले गेले.

उरलेला दिवस फॉरेस्ट अव्हेन्यूवर पायी फिरण्यात गेला. तिथली घरे खासगी आहेत, त्यामुळे ती पदपथावरूनच पाहावी लागतात, आणि तसेच पाहणे योग्यही आहे. त्यांतले १९०२ चे हर्टली हाउस मी सर्वांत जास्त वेळ पाहिले. त्याच्या भिंतीत विटांचे काही थर किंचित पुढे काढले आहेत, शिवाय विटांच्या छटाही निरनिराळ्या आहेत. दुपारचे ऊन तिरपे पडले की पुढे आलेल्या प्रत्येक थराखाली सावलीची एक रेघ उमटते. गिलावा नाही, नक्षी नाही, रंगही नाही, केवळ वीट बोटभर पुढे सरकविल्याने भिंतीवर दिवसभर बदलणारे चित्र तयार झाले आहे. असे काम करायला महाग सामान लागत नाही. प्रत्येक थर दोरीत ठेवणारा गवंडी मात्र लागतो.

तिसरा दिवस

आजचा संपूर्ण दिवस एकाच घरासाठी ठेवला होता. शिकागो विद्यापीठाच्या परिसरात, वुडलॉन अव्हेन्यूवर, १९१० मध्ये पूर्ण झालेले रोबी हाउस आहे. फ्रेडरिक रोबी या तरुण उद्योजकासाठी राइट यांनी ते बांधले, पण रोबी कुटुंबाला तिथे जेमतेम चौदा महिनेच राहता आले. पुढे १९४१ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये ते पाडण्याचे घाटत होते. दुसऱ्या वेळी नव्वदीला टेकलेले राइट स्वतः तिथे येऊन उभे राहिले. २०१९ मध्ये त्यांच्या ज्या आठ वास्तूंचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत हे घर आहे.

रस्त्यापलीकडून पाहिले तर घर दिसतच नाही, दिसतात त्या आडव्या रेघा. लांब कठडे, लांब खिडक्यांची रांग, आणि दोन्ही टोकांना शेवटच्या आधारापलीकडे सुमारे २० फूट अधांतरी पुढे गेलेले छप्पर. एवढी लांब वास्तू जड कशी वाटत नाही, या प्रश्नाचे उत्तर मला रस्ता ओलांडून भिंतीजवळ गेल्यावर मिळाले. तिथे मी गुडघे टेकून बसलो. ही वीट आपल्या नेहमीच्या विटेपेक्षा वेगळी, साधारण फूटभर लांब आणि जेमतेम दीड-पावणेदोन इंच जाड आहे. तिच्या तांबूस अंगावर लोहाचे काळसर ठिपके आहेत. दोन थरांमधली आडवी दरज फिकट, सायीच्या रंगाच्या मसाल्याने भरली आहे आणि ती आत खोल कोरून घेतली आहे, त्यामुळे तिच्यात सतत सावली राहते. दोन विटांमधली उभी दरज मात्र विटेच्याच रंगाच्या मसाल्याने, विटेच्या तोंडाबरोबर सपाट भरली आहे. हात अर्ध्या फुटावर असतानाही ती उभी दरज शोधावी लागते. दहा पावले मागे आलो तेव्हा उभे सांधे पूर्ण नाहीसे झाले आणि प्रत्येक थर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ओढलेल्या फितीसारखा दिसू लागला.

हे एकदा सांगणे सोपे आहे, पण शेकडो फूट भिंतीवर प्रत्येक दरज दोन वेगळ्या मसाल्यांनी, दोन वेगळ्या रीतींनी भरायची म्हणजे गवंड्याला जवळजवळ दुप्पट श्रम पडले असणार. मसाला ओला असतानाच कोरावा लागतो, आणि फिकट मसाल्याचा एक थेंब उभ्या दरजेवर सांडला तरी फीत तुटते. त्या गवंड्यांची नावे तिथल्या कोणत्याही फलकावर मला दिसली नाहीत. त्यांचे काम मात्र शंभराहून अधिक हिवाळे सोसून तसेच उभे आहे. वडील असते तर त्यांनी या भिंतीवरून तळहात फिरविण्याची परवानगी मागितली असती, आणि मला वाटते मीही ती मागायला हवी होती.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. छप्पर एवढे पुढे जाते ते विटेच्या बळावर नाही. आत पोलादाच्या लांब तुळया दडविलेल्या आहेत आणि खरा भार त्या उचलतात. यावरून कोणी या घराला दिखाऊ म्हणेल, परंतु मला ते पटत नाही. वीट जे करू शकते तेवढेच तिच्याकडून करवून घेतले आहे, आणि पोलादाने दिलेल्या आडव्या झेपेला साजेल असे रूप तिला दिले आहे.

आत शिरण्याचे दार उत्तरेला, आडबाजूला लपविलेले आहे. बुटक्या, अंधाऱ्या प्रवेशातून जिना चढून वर आलो की बैठकीची आणि जेवणाची जागा एकच लांब दालन होऊन समोर पसरते. दोहोंमध्ये फक्त शेकोटी आणि धुराड्याचे वीटकाम आहे, आणि तेही वरच्या बाजूला मधोमध उघडे ठेवले आहे, त्यामुळे छत एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना दिसते. घरात नक्षीदार काचेची १७४ तावदाने आहेत. धातूच्या रेघांनी जोडलेले हे तुकडे उन्हात जमिनीवर आणखी एक नक्षी काढतात. बहिणीने इथे विटांकडे पाहिलेच नाही. छताच्या लाकडी पट्ट्या भिंतीवर येऊन जिथे वळतात तो कोपरा तिने वहीत चार वेळा काढला.

दक्षिणेच्या खिडक्यांवर आलेला छज्जा अशा मापाचा आहे की ऐन उन्हाळ्यात भर दुपारचे ऊन काचेच्या खालच्या कडेपाशी थांबते, तर हिवाळ्यात सूर्य खाली आला की तेच ऊन खोलीत खोलवर जाते. ऑक्टोबरच्या दुपारी ते आमच्या पायांपाशी आले होते.

चौथा दिवस

शिकागोच्या नैर्ऋत्येला प्लानो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी, लुडविग मीस व्हान डेर रोहे यांनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेले काचेचे घर आहे. ते १९५१ मध्ये पूर्ण झाले. काल दरज कशी दाखवावी हे पाहिले होते, आज सांधा कसा नाहीसा करावा हे पाहिले. आठ पोलादी खांब, जमिनीपासून सुमारे सव्वापाच फूट वर उचललेली एक फरशी, वर तसेच एक छत, आणि मध्ये चहूबाजूंनी काच एवढेच हे घर आहे. छताला आणि फरशीला खांब जिथे मिळतात तिथे ना बोल्ट दिसतो, ना रिव्हेट. वेल्डिंग करून त्याच्या गाठी घासून सपाट केल्या, त्यावर वाळूचा मारा केला आणि मग पांढरा रंग चढविला. खांबाने पट्टीला नुसता स्पर्श केला आहे आणि ती तेवढ्यावरच तरंगते आहे, असे वाटते.

बाहेरच्या ओट्यावर ट्रॅव्हर्टाइन या दगडाच्या फरशा आहेत. उघड्यावरच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार द्यावा लागतो हे कुठलाही गवंडी सांगेल. इथे ओटा पूर्ण सपाट आहे. फरशांखाली खडी भरलेली पन्हाळी तबके आहेत, पाणी दरजांमधून खाली झिरपते आणि आतल्या आत निघून जाते. डोळ्यांना हवी असलेली सपाटी मिळावी म्हणून उतार जमिनीखाली नेला, हे मला या घरातले सर्वांत सुंदर काम वाटले.

तरीही या घराविषयी माझे मन दुभंगलेलेच राहिले. राहणाऱ्या बाईंना इथे उन्हाचा, किड्यांचा आणि सतत उघडे पडल्याच्या जाणिवेचा त्रास झाला. वास्तुकार आणि त्यांच्यात खर्चावरून कज्जाही झाला. नदीने १९५४, १९९६ आणि २००८ मध्ये घरात पाणी आणले. १९७२ मध्ये डॉक्टरांनी ते पीटर पालम्बो यांना विकले आणि २००३ पासून ते जतनासाठी झटणाऱ्या संस्थांच्या हाती आहे. सांध्याची इतकी काळजी घेतली गेली, तेवढी राहणाऱ्या माणसाची घेतली गेली असती तर हे घर निर्दोष ठरले असते. नदीच्या बाजूने मेपलची पाने पिवळी होऊन काचेत दिसत होती तेव्हा मात्र ही तक्रार मी काही वेळ विसरलो होतो.

पाचवा दिवस

आज फक्त प्रवास. इंडियाना आणि ओहायो ओलांडून पेनसिल्व्हेनियात पोहोचायला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ लागला. सपाट शेते संपून डोंगर सुरू झाले तेव्हा बोलणे आपोआप उद्याच्या घराकडे वळले.

सहावा दिवस

पिट्सबर्गच्या आग्नेयेला, जंगलात, बेअर रन नावाच्या ओढ्यावर फॉलिंगवॉटर उभे आहे. पिट्सबर्गमधील मोठे व्यापारी एडगर कॉफमन यांना धबधबा समोर दिसेल असे सुटीचे घर हवे होते. राइट यांनी १९३५ मध्ये घर धबधब्याच्या समोर न ठेवता त्याच्या माथ्यावरच ठेवले. त्यामुळे घरात बसून धबधबा दिसत नाही, तो ऐकू येतो, आणि खोलीगणिक त्याचा आवाज बदलतो. छायाचित्रांतून हे कधीच कळले नसते.

घराचा दगड तिथल्याच खाणीतला वाळूचा दगड आहे. त्याचे पातळ थर काही आत, काही बाहेर ठेवून अशा रीतीने रचले आहेत की भिंत ओढ्याकाठच्या कड्यासारखीच दिसते. बैठकीतल्या फरशीवर मेणाचे पॉलिश आहे, त्यामुळे ती ओली असल्यासारखी चकाकते. शेकोटीपुढे मूळ डोंगराचा खडक जमिनीतून वर आला आहे आणि त्याला मुद्दाम मेण लावलेले नाही. परिणामी वाहत्या पाण्यातून कोरडा खडक डोके वर काढतो तसे ते दृश्य दिसते. बैठकीतूनच काचेचे झाकण सरकवून पायऱ्यांनी थेट ओढ्यापर्यंत उतरता येते.

काच दगडाला मिळते तिथे चौकट नाही. दगडातच खाच घेऊन काच तिच्यात बसविली आहे, त्यामुळे भिंत आतून बाहेर जाताना मध्ये कुठेच थांबत नाही. काही कोपऱ्यांत दोन्ही खिडक्या बाहेर उघडतात आणि कोपऱ्याला खांबच नसल्याने कोपराच नाहीसा होतो. कॉफमन यांच्या अभ्यासिकेत मेजामुळे खिडकीला आत उघडायला जागा राहत नव्हती. तिथे खिडकी बदलली नाही. मेजाच्या फळीतून पाव वर्तुळाचा तुकडा कापून काढला, आणि खिडकी त्या पोकळीतून फिरते. बहीण तिथे पुष्कळ वेळ उभी होती. “दादा, फळी कापताना सुताराच्या जिवाचं पाणी झालं असेल,” ती म्हणाली. “कापण्यात केसाएवढी चूक झाली असती तरी सगळं मेज वाया गेलं असतं.” अक्रोडाच्या लाकडाचे रेषे सगळीकडे आडवे ठेवले आहेत हेही तिनेच मला दाखविले. कपाटाच्या उभ्या दारावरही ते आडवेच धावतात.

या घराचा एक सांधा मात्र भार पेलू शकला नाही, आणि तो सर्वांत मोठा होता. काँक्रीटचे सज्जे सुमारे १५ फूट अधांतरी पुढे काढले आहेत. काँक्रीटमधल्या सळ्या कमी पडतील अशी शंका कॉफमन यांच्या अभियंत्यांना आली आणि त्यांनी राइट यांना न विचारता मुख्य मजल्यात त्या जवळजवळ दुप्पट घातल्या. राइट संतापले. तरीही सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटखालचे तात्पुरते टेकू, काढल्यावर सज्जा वाकला आणि पुढच्या दशकांत तो वाकतच गेला. शेवटी टोकाचा उतार सात इंचांवर गेला. २००२ मध्ये बैठकीतल्या फरशा क्रमांक घालून उचलल्या, तुळयांच्या बाजूने पोलादी तारा ओढून ताणल्या आणि मग प्रत्येक फरशी तिच्या मूळ जागी परत बसविली. वाकणे थांबले, झालेला वाक पूर्ण काढला मात्र नाही. त्या फरशीवर मी उभा होतो आणि कुठली उचलली, कुठली नाही हे मला ओळखता आले नाही. मूळ घर बांधणाऱ्यांइतकाच मान या दुरुस्ती करणाऱ्यांना द्यावा असे माझे मत आहे.

सातवा दिवस

फॉलिंगवॉटरपासून काही मैलांवर केंटक नॉब हे राइट यांच्याच उतारवयातले, १९५६ मध्ये पूर्ण झालेले घर आहे. हेगन कुटुंबाने कॉफमन यांचे घर पाहून ते बांधवून घेतले, आणि फार्न्सवर्थ हाउस घेणारे पालम्बो यांनी पुढे तेही विकत घेतले. हे लहान आहे, डोंगराच्या कुशीत बसले आहे, आणि मला मनापासून राहावेसे वाटले ते या एकाच घरात.

त्याचा आराखडा षटकोनांवर बेतला आहे. स्वयंपाकघरही षट्कोनी आहे. काटकोन जवळजवळ नाहीच, त्यामुळे सायप्रसच्या फळ्या एकमेकींना मिळतात त्या १२० अंशांत. बहिणीने पिशवीतला लहान गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे सुतारी साधन, काढला, कोपऱ्याजवळ धरला आणि हसून परत ठेवला. इथे गुण्याचा उपयोग नव्हता. जोडाच्या फटीत नखही शिरले नसते.

बाहेरच्या पुढे आलेल्या छज्ज्यात षट्कोनी भोके ठेवली आहेत. त्यांतून आलेले ऊन ओट्याच्या दगडांवर षट्कोनी ठिपक्यांची रांग काढते. आम्ही आलो तेव्हा ती रांग भिंतीच्या पायथ्याशी होती. परत निघताना तिच्यातला पहिला ठिपका दरज ओलांडून पुढच्या दगडावर गेला होता, आणि बहीण वही उघडून तिथेच पायरीवर बसली होती.